हरळी वाढवायला शिकवणार कोण?

मागच्या डिसेंबरात माझा घोटा गेला. इंटर-कॉलेज मॅचेस आठ दिवसांवर आल्या होत्या, प्रॅक्टिस चालू होती. मी लेफ्ट बॅक खेळते. समोरून बॉल आला, मी मागे सरकले आणि डावा पाय सरळ खाली गेला. आमच्या ग्राउंडवर त्याआधी चार दिवस कसलं तरी प्रदर्शन भरलं होतं. मांडव काढला, बांबू गेले, खड्ड्यांवर भुसभुशीत माती ढकलली गेली. वरून बघितलं तर ग्राउंड सपाट. मी त्यातल्याच एका खड्ड्यात पाय घातला होता.

लिगामेंट फाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे बॉलकडे बघायचं, पाय लावायचा नाही. मग मी रोज पायऱ्यांवर बसून बॉलकडे बघायला लागले. पण बॉलकडे किती वेळ बघणार? हळूहळू नजर ग्राउंडकडे गेली, आणि ग्राउंडवर दिवसभर एकटाच वावरणाऱ्या माणसाकडे.

आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. प्रत्येक कॉलेजात असा एक मामा असतोच. फक्की मारणारा, नेट लावणारा, रोलर ओढणारा, स्पोर्ट्स डेला सगळ्यात आधी येणारा आणि ग्रुप फोटोत कधीच नसणारा. आमचे मामा आधी शिपाई होते. ग्राउंडवरचा माणूस निवृत्त झाला, तेव्हा यांना तिकडे पाठवलं. आता कॉन्ट्रॅक्टवर आहेत.

मामा भर दुपारी बारा वाजता पाणी मारायचे. एक दिवस न राहवून विचारलं, "मामा, एवढ्या उन्हात कशाला पाणी मारताय?"

"टाकी अकराला भरती बाळा. मग बाराला नाय मारणार तर कधी?"

"आणि हे गवत असं टकलं का पडलंय?"

मामा हसले. म्हणाले, "आगं, मी शेतकऱ्याचा पोरगा. जल्म गेला हरळी काढण्यात. काशा वेचून वेचून बोटं झिजली. आन हितं आलो तर सायेब म्हणतात, मामा, हरळी वाढवा. वाढवायची कशी, ते कोण सांगायचं?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. या लेखाचं कारणही तोच आहे.

दूर्वा, हरळी आणि बर्म्युडा

आधी एक गंमत. गणपतीला आपण जी दूर्वा वाहतो, ती आणि शेतकरी जिला शिव्या घालतो ती हरळी, ही एकच वनस्पती. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. आणि जगभरातल्या उष्ण प्रदेशांतल्या फुटबॉल ग्राउंडवर, गोल्फ कोर्सवर, क्रिकेटच्या आउटफिल्डवर जे ‘बर्म्युडा ग्रास’ लावतात, तीही हीच किंवा हिच्याच जातकुळीतली संकरित जात. जी गोष्ट स्टेडियमवाले पैसे मोजून लावतात, ती आपल्या बांधावर फुकट उगवते. ती जमिनीच्या वरून धावत्या फुटव्यांनी पसरते आणि खालून काशांनी पसरते. म्हणूनच शेतात ती मरत नाही. आणि म्हणूनच खेळाडूंच्या पायाखाली तुडवली गेली तरी ती पुन्हा उठते. शेतातला दुर्गुण ग्राउंडवर गुण होतो.

म्हणजे वनस्पती आपल्याकडे आहे, ऊन आपल्याकडे आहे, मामांसारखी मातीत वाढलेली माणसं आपल्याकडे आहेत. मग आपली बहुतेक मैदानं उन्हाळ्यात धुळीची आणि पावसाळ्यात चिखलाची का?

माझं उत्तर सरळ आहे. मैदान राखणं ही शिकायची गोष्ट आहे, असं आपण मानतच नाही. जिमला ट्रेनर सर्टिफाइड लागतो. लॅबला असिस्टंट सायन्स झालेला लागतो. ग्राउंडला मात्र ‘कोणीतरी एक माणूस’ चालतो.

यात शिकण्यासारखं आहे तरी काय?

मलाही आधी हाच प्रश्न पडला होता. गवत कापायचं, पाणी मारायचं, संपलं. पण घरी बसून वाचत गेले, आमच्या बॉटनीच्या मॅडमना छळत गेले, तसं कळलं की आपण करतो त्यातलं निम्मं उलटं करतो.

रोलरचंच बघा. क्रिकेटच्या पिचवर रोलर फिरवतात, कारण तिथे चिकणमाती दाबून घट्ट करायची असते. तो बावीस यार्डांचा पट्टा म्हणजे मुद्दाम कडक केलेली जमीन. पण आपल्याकडे समज असा, की रोलर फिरवला की ग्राउंड ‘तयार’ होतं. म्हणून तोच रोलर आउटफिल्डवरही फिरतो, फुटबॉल ग्राउंडवरही फिरतो. तिथे गरज नेमकी उलटी. माती दबली की तिच्यातली हवेची जागा जाते, पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत. गवत उपाशी राहतं आणि आपण म्हणतो, इथली मातीच खराब.

दुसरी गोष्ट कापण्याची. जगभर पाळला जाणारा साधा नियम आहे, की एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. गवत तीन इंच असेल तर दोनच्या खाली जायचं नाही. कारण पान हे गवताचं स्वयंपाकघर. ते एकदम उडवलं की झाड मुळांतला साठा वापरून नवी पानं काढतं आणि मुळं आखडतात. आपल्याकडे काय होतं? महिना-दीड महिना कोणी बघत नाही, गवत गुडघ्याला लागतं आणि मग पाहुणे येणार म्हणून एका दिवसात जमिनीसरशी साफ.

तिसरी गोष्ट पाणी. रोज थोडं थोडं शिंपडलं की वरचा इंचभर थर ओला राहतो आणि मुळंही तिथेच घुटमळतात. दोन दिवस पाणी चुकलं की सगळं पिवळं. त्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने, सकाळी लवकर, खोलवर मुरेल एवढं पाणी दिलं तर मुळं पाण्याच्या मागे खाली जातात. भर दुपारी मारलेल्या पाण्यातलं बरंचसं तर हवेतच जातं.

चौथी गोष्ट वाफसा. हा शब्द शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, काम करण्याजोगी झाली म्हणजे वाफसा आला. काळ्या मातीचं ग्राउंड ओलं असताना त्यावर मॅच खेळवली किंवा गाडी घातली तर मातीची घडणच मोडते. मग ती वाळून विटेसारखी होते. मामांना वाफसा माझ्यापेक्षा शंभरपट जास्त कळतो. पण शेतातला वाफसा ग्राउंडवर कसा वापरायचा, हे त्यांच्याशी कधी कुणी बोललंच नाही.

याशिवाय निचरा आहे. दबलेल्या जमिनीला भोकं पाडून तिला श्वास घेऊ देणं आहे, वरून वाळू-मातीचा पातळ थर देणं आहे. लव्हाळा आणि गाजर गवत ओळखून वेळेत काढणं आहे. युरिया कधी, किती, आणि पाणी दिल्याशिवाय टाकला तर गवत कसं करपतं, हेही आहे. मशीनच्या पात्याला धार नसेल तर गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि टोकं पांढरी पडतात. ही यादी वाचून ‘बाप रे’ वाटलं असेल तर बरोबरच आहे. याला विद्या म्हणतात.

टाळ्या वाजल्या, पुढे काय?

ग्राउंड्समन लोकांची आठवण आपल्याला येते, पण सणासुदीसारखी. सप्टेंबर २०२३ मध्ये आशिया कपच्या फायनलला मोहम्मद सिराजने श्रीलंकेचं कंबरडं मोडलं आणि सामनावीराचं पाच हजार डॉलरचं बक्षीस कोलंबोच्या ग्राउंड स्टाफला देऊन टाकलं. पावसात कव्हर ओढून ओढून त्यांनीच ती स्पर्धा वाचवली होती. मे २०२४ मध्ये आयपीएल संपल्यावर बीसीसीआयने नेहमीच्या दहा मैदानांवरच्या ग्राउंड्समन आणि क्युरेटरना प्रत्येकी २५ लाख आणि तीन जादा मैदानांना प्रत्येकी १० लाख रुपये जाहीर केले. दोन्ही गोष्टी छानच. आपण स्टेटस ठेवले, हार्ट टाकले.

पण ही वरच्या मजल्यावरची गोष्ट झाली. तिथे क्युरेटरला किंमत आहे. सुधीर नाईक यांच्यासारखा माणूस आठवा. भारताकडून कसोटी खेळलेले, मुंबईला रणजी जिंकून देणारे कर्णधार. पुढे त्यांनी वानखेडेचं पिच सांभाळलं. २०११ च्या वर्ल्ड कप फायनलचं पिचही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झालं. बंगळुरूच्या जसिंथा कल्याण यांचं उदाहरण तर आपल्यासारख्यांनी पाठ करावं असं. क्रिकेट असोसिएशनच्या ऑफिसात रिसेप्शनिस्ट म्हणून लागल्या, काम शिकत शिकत मैदानावर आल्या आणि २०२४ च्या महिला प्रीमियर लीगमध्ये पिच क्युरेटर म्हणून देशभर ओळखल्या गेल्या. बीसीसीआय क्युरेटरसाठी कोर्स घेतं, परीक्षा घेतं. म्हणजे शिकवलं तर माणसं तयार होतात, हे आपल्याच देशात सिद्ध झालंय.

प्रश्न खालच्या मजल्याचा आहे. महापालिकेची मैदानं, तालुक्याची क्रीडा संकुलं, झेडपीच्या शाळेचं पटांगण, कॉलेजचं ग्राउंड, कॉलनीतली बाग. आपण खेळतो ते इथे, वानखेडेवर नाही. आणि घोटे मोडतात तेही इथेच.

बाहेरच्या देशांत हा विषय विद्यापीठात शिकवतात. अमेरिकेत मिशिगन स्टेट आणि टेनेसी या विद्यापीठांत टर्फवर संशोधन चालतं. २०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपची मैदानं तयार करायला फिफाने याच दोन विद्यापीठांतल्या गवताच्या अभ्यासकांना सोबत घेतलं. विम्बल्डनचं गवत आठ मिलिमीटरवर कापतात आणि २००१ पासून तिथे फक्त रायग्रास असतं. पण ते गवत थंड हवेचं. इथल्या मे महिन्यात ते टिकणार नाही. म्हणजे त्यांचं पुस्तक जसंच्या तसं उचलून भागणार नाही. आपल्याला आपल्या काळ्या मातीचं, मुरमाचं, चार महिन्यांच्या पावसाचं आणि हरळीचं पुस्तक लागेल, आणि ते मराठीत लागेल. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं राज्यात आहेत. माती आणि गवत समजणारी माणसं तिथे बसलेली आहेत. आपली मैदानं आणि ती माणसं यांची गाठ कोणी घालून द्यायची, एवढंच बाकी आहे.

गोलपोस्टमागचा तुकडा

माझा पाय बरा होत आला, तशी आम्ही सहा-सात जणांनी मॅडम आणि मामांच्या मदतीने एक प्रयोग केला. गोलपोस्टच्या मागे साधारण वीस फूट बाय वीस फुटांचा टकला तुकडा घेतला. दोरी बांधून बंद केला. बागकामाच्या काट्याने वीतभर अंतरावर भोकं पाडली, त्यात वाळू आणि चाळलेलं शेणखत भरलं. ग्राउंडच्या कडेला माजलेल्या हरळीचेच तुकडे आणून लावले. सुरुवातीला हलकं पाणी, मुळं धरल्यावर तीन-चार दिवसांनी एकदा, पण सकाळी सातला आणि मुरेपर्यंत. टाकी आदल्या संध्याकाळी भरून ठेवायची, एवढाच काय तो बदल. शिपाईकाकांशी बोललो, झाला.

खरं सांगायचं तर आम्ही पोरं पहिल्या आठवड्यातच कंटाळलो. मामा नाही कंटाळले. ते रोज सकाळी जाऊन बोट मातीत खुपसून ओल बघायचे. एकदा मी लवकर गेले तर एकटेच खाली बसून लव्हाळा उपटत होते आणि गवताशी काहीतरी बोलत होते. मार्च संपेपर्यंत तो तुकडा भरला. बाकी ग्राउंड धुळीचं आणि मध्येच हिरवा चौकोन. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे नेऊन दाखवायचे. म्हणायचे, "हात लावून बघा, गादी हाय गादी."

एप्रिलमध्ये ग्राउंड पुन्हा एका कार्यक्रमाला दिलं गेलं. सामानाचा ट्रक मागे घेताना त्या तुकड्यावरून गेला. मामांनी हात केला होता म्हणे. ड्रायव्हर म्हणाला, "वरून सांगितलंय." झालं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा मामा तुटलेली दोरी गुंडाळत होते. काही बोलले नाहीत. मलाही काही सुचलं नाही.

त्या दिवसापर्यंत माझं मत होतं, की मामांना ट्रेनिंग मिळालं की प्रश्न सुटला. त्या दिवशी कळलं, की ते अर्धंच उत्तर आहे. मोठ्या स्टेडियमचा क्युरेटर ‘आज खेळायचं नाही’ म्हणतो तेव्हा लोक निदान ऐकून तरी घेतात. कॉलेजच्या मामाला ‘नाही’ म्हणायचा अधिकार कोण देणार?

‘पाणी कुठाय?’ आणि इतर प्रश्न

हे सगळं मित्रांना सांगितलं की हमखास तीन प्रश्न येतात. तिन्ही खरे आहेत, म्हणून टाळत नाही.

पहिला प्रश्न, राज्यात टँकर चालू असताना गवताला पाणी? २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले होते. बरोबरच होतं. प्यायला पाणी नसेल तेव्हा ग्राउंड पिवळं पडू दे. हरळी तशी चिवट असते, पाऊस पडला की पुन्हा फुटते. पण हिशोबही बघा. फुटबॉलचं पूर्ण ग्राउंड १०५ मीटर बाय ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. त्यावर फक्त एक मिलिमीटर पाणी द्यायचं तर ७,१४० लिटर लागतात. म्हणजे पाणी देणाऱ्याला अंदाज नसेल आणि रोज पाच मिलिमीटर जास्त गेलं, तर ३५ हजार लिटरहून जास्त वाया. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर, दिवसाला! पाणी कमी आहे म्हणून तर शिकलेला माणूस हवा. तो सांगेल, कुठे आणि किती द्यायचं, कधी थांबायचं, सांडपाणी शुद्ध करून वापरता येईल का. आणि तोच हेही सांगेल, की या मैदानावर गवत लावूच नका. कबड्डी, खो-खो, कुस्ती मातीतलेच खेळ आहेत. प्रत्येक पटांगण हिरवंगार करा, असं माझं म्हणणं अजिबात नाही. पण उघडी माती सांभाळायलाही अक्कल लागते. दादरच्या शिवाजी पार्कवरची लाल धूळ आजूबाजूच्या घरांत जाते, ही तक्रार किती वर्षं ऐकतोय आपण.

दुसरा प्रश्न, मग आर्टिफिशियल टर्फ का नको? हल्ली गल्लोगल्ली टर्फ झालेत, मीही तिथे जाते. रात्री लाइटखाली मजा येते. पण तासाचे पैसे मोजावे लागतात. ज्यांच्याकडे ते नाहीत, त्यांच्यासाठी सार्वजनिक मैदानच असतं. शिवाय उन्हात त्या प्लॅस्टिकचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जाऊ शकतो. दुपारी दोनला एकदा अनवाणी उभं राहून बघा. त्यात भरलेले रबराचे बारीक दाणे मातीत, गटारात जातात. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये मायक्रोप्लॅस्टिकवर जे निर्बंध आणले, त्यात या दाण्यांचाही समावेश आहे. बंदी लागू व्हायला आठ वर्षांची मुदत दिलीय. आणि ‘मेंटेनन्स नको’ हा तर मोठाच गैरसमज. त्यालाही ब्रशिंग लागतं, दाणे भरावे लागतात, काही वर्षांनी सगळंच उचलून फेकावं लागतं. हरळी स्वतःची दुरुस्ती स्वतः करते. प्लॅस्टिक नाही करत.

तिसरा प्रश्न मामांनी स्वतःच विचारला. मी उत्साहाने सांगत होते, की असा कोर्स निघाला पाहिजे, सर्टिफिकेट मिळालं पाहिजे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिकीन की. पर शिकून पगार वाढंल का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. पगार तोच, कॉन्ट्रॅक्ट तेच आणि वर ‘तुम्हाला ट्रेनिंग दिलंय ना, मग गवत का वाळलं?’ अशी बोलणी, हे ट्रेनिंग नाही, ही शिक्षा झाली.

मग करायचं काय?

माझ्या मते चार गोष्टी कराव्या लागतील.

एक, मैदान राखणाऱ्यांसाठी मराठीतून तीन ते सहा महिन्यांचा कोर्स. वर्गात कमी, मैदानावर जास्त. माळीकामाची सर्टिफिकेट्स आपल्याकडे आहेत, पण बाग आणि खेळाचं मैदान यांत फरक आहे. बागेतल्या गवताकडे लोक बघतात, मैदानातल्या गवतावर बावीस जण बूट घालून पळतात. कृषी विद्यापीठ आणि आयटीआय यांनी मिळून हे करावं. आणि जे आधीपासून काम करतायत, त्यांना पगारी रजेवर पाठवावं. लिहिता-वाचता कमी येत असेल तर तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घ्या. मामांची बोटं मातीची ओल कुठल्याही मीटरसारखी सांगतात, त्याचेही मार्क धरा.

दोन, महापालिका असो की कॉलेज, मैदानाचं कॉन्ट्रॅक्ट देताना ‘किती माणसं आणि किती मशीन’ एवढंच न विचारता, त्यातला निदान एक जण शिकलेला आहे का, हे विचारा. असेल तर त्याला कुशल कामगाराचा पगार द्या. प्लंबरला, वायरमनला देता ना? तसाच.

तीन, मैदान राखणाऱ्याला लेखी अधिकार द्या. ओलं असताना ग्राउंड बंद ठेवायचं, मांडवानंतर खड्डे नीट ठोकून भरल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही, वर्षातून काही आठवडे मैदानाला विश्रांती द्यायची, हे त्याने ठरवावं. भाड्याने द्यायचंच असेल तर द्या, कॉलेजलाही पैसे लागतात, समजू शकते. पण त्या भाड्यातला काही भाग त्याच मातीत परत जाऊ दे.

चार, हे काम आपलंही करिअर असू शकतं, हे आपण मान्य करू या. बीएस्सी ॲग्री, हॉर्टिकल्चर, बॉटनी करणारे कितीतरी जण स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभे आहेत. मी रांगेला नावं ठेवत नाही, माझा भाऊही तिथेच आहे. पण स्टेडियम वाढतायत, गोल्फ कोर्स आहेत, टाउनशिपच्या बागा आहेत, शाळांची मैदानं आहेत. या सगळ्याला गवत कळणारा माणूस लागणार. खेळ आवडतो पण टीममध्ये नंबर लागला नाही, अशांसाठी मैदानाच्या जवळ राहण्याचा हा एक चांगला मार्ग आहे. फक्त हातांना माती लागणार, त्याची लाज सोडावी लागेल. मला वाटतं, खरी अडचण तिथेच आहे. मैदान राखणं हे ‘शिकलेल्यांचं’ काम नाही, असं आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय, की त्यालाच आधी भोकं पाडायला हवीत.

एक स्क्रू ड्रायव्हर घ्या

सरकार कोर्स काढेल तेव्हा काढेल. तोवर एक करा. उद्या सकाळी तुमच्या ग्राउंडवर एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा. पाणी दिल्याच्या किंवा पावसाच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर उत्तमच. मातीत हाताने दाबून बघा. सहज आत गेला तर तुमचं ग्राउंड जिवंत आहे. बोटभरही जात नसेल तर ते दबलंय आणि गवत तिथे का येत नाही, हे तुम्हाला कळलं. चार-पाच जागी करा, कागदावर ग्राउंडचा नकाशा काढून खुणा करा. मग स्प्रिंकलर किंवा पाइप चालू असताना सारख्या आकाराचे आठ-दहा रिकामे डबे ठेवा. कुठल्या डब्यात किती पाणी साठलं, ते मोजपट्टीने बघा. कुठे तळं होतंय आणि कुठे थेंबही पोचत नाही, ते एका फेरीत दिसतं.

हे करताना तुमच्या मामांना सोबत घ्या. आधी त्यांना विचारा, मग त्यांना सांगा. आणि तो नकाशा प्रिन्सिपल सरांच्या टेबलावर नेऊन ठेवा. एनएसएसचे तास भरायला दरवर्षी भिंती रंगवतोच आपण, एक वर्ष ग्राउंड करू.

माझा घोटा आता बरा आहे. थंडीत थोडा दुखतो. या जूनमध्ये पहिला पाऊस झाला, तेव्हा गोलपोस्टच्या मागे गेले होते. ट्रकच्या चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या अजून होत्या, त्यात पाणी साठलं होतं. पण चाकोऱ्यांच्या मधून हरळीचे फुटवे बाहेर आले होते. मामांनी नवी दोरी आणून ठेवली होती. मला बघून म्हणाले, "आलीस व्हय? धर एक टोक."

मी धरलं.